ट्रंपेटची झाळ

आठवणी लिहाव्यात अशा माणसाने काहीतरी मोठे पाहिलेले असते, अशी माझी समजूत आहे. मी तसे काही पाहिलेले नाही. मी बँडवाल्याचा मुलगा. आमच्या घराण्यातून कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो, पुढे शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्त झालो, एवढाच माझा इतिहास. त्यातही ज्या गोष्टीबद्दल लिहायला बसलो आहे, ती मला स्वतःला येत नाही. ट्रंपेटमधून एक धड सूर मला आयुष्यात काढता आलेला नाही. तेव्हा जाणकारांनी मला माफ करावे. जे कानाने ऐकले आणि हाताने धरले तेवढेच सांगतो. ते सांगायला आता घरात दुसरे कोणी उरले नाही, म्हणून हे धाडस.

आम्ही कन्हानला राहत होतो. बाबा, म्हणजे किसन, पावसाळ्यात आणि एरवीही लाकडाच्या आरा मशीनवर कामाला जात. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराईभर मात्र ते नागपूरच्या सदर भागातल्या एका बँडपार्टीत ट्रंपेट वाजवत. आमच्या घराचे वर्षही त्यामुळे दोन भागांत वाटलेले होते, आणि ते ताटात दिसायचे. पावसाळ्यात बाबा ज्वारीच्या भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा असा खायचे की डोळ्यांतून पाणी यायचे. दसरा उलटला की माय त्यांच्या वाटणीची भाजी आधीच वेगळी काढून ठेवायची आणि मग आमच्या भाजीत तिखट घालायची. तिखटाने ओठ हुळहुळतात, आणि ओठ हुळहुळला की ट्रंपेट हातात असून नसल्यासारखा. रात्री जेवण झाले की बाबा बोटावर लोणी घेऊन ओठांना चोळत बसायचे. मला लहानपणी वाटायचे, सगळ्यांचेच वडील असे करतात.

बँडमध्ये ट्रंपेटवाले तिघे होते. सर्वांच्या पुढे चालणारा एक आणि मागचे दोघे. पुढचा सुरुवात करायचा, गाण्याची वरची ओळ घ्यायचा, चौकात थांबून एकटा वाजवायचा. बाबा कितीतरी हंगाम पुढे चालत होते. ही जागा कशी ठरायची, त्याची एक रीत होती. बँडचे मालक दौलत मास्तर यांच्या अंगणात तुळशीचे लग्न लागले की सारी पार्टी तिथे वाजवायची, आणि पहिली सलामी एकट्याने द्यायची. जो ती सलामी देईल तो त्या हंगामात पुढे. वर्षानुवर्षे ती बाबाच देत होते, त्यामुळे ठरवायचे असे काही नसायचेच.

दुसरी रीत याहून कडक होती. कोणी कोणाच्या ट्रंपेटला तोंड लावायचे नाही. उष्ट्याचा प्रश्न होताच, पण तेवढाच नव्हता. दुसऱ्याच्या बाज्यात फुंकणे म्हणजे त्याच्या जागेवर हक्क सांगणे. बाबांचे माऊथपीस, म्हणजे ट्रंपेटचे ओठांना लावायचे सुटे टोक, त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात असायचे, अंगाच्या उबेत. मायनेही ते कधी ओठांजवळ नेले नसेल. घासून पुसून ठेवताना ती ते फडक्यात धरायची.

बाबांचा ट्रंपेट जुना आणि जड होता. त्याच्या भोंग्याचा पत्रा जाड होता. माऊथपीसची वाटी खोल होती, काठ रुंद. मी कॉलेजात ध्वनीचे प्रकरण शिकल्यावर बाबांना विचारू लागलो आणि ते आधी लाजून, मग हौसेने सांगू लागले. खोल वाटीतून सूर गोल निघतो, पण वरचे सूर चढवायला छातीचा दम आणि ओठांची पकड लागते. उथळ वाटीत वरचे सूर लवकर सापडतात, मात्र आवाज पातळ होतो. पातळ पत्र्याचा भोंगा फुंकर घातली की लगेच बोलतो. जाड पत्र्याचा जरा विचार करून बोलतो. मागच्या रांगेतल्या शेषरावने मेरठहून नवा ट्रंपेट आणवला होता, पातळ भोंग्याचा, चकचकीत. शेषराव माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, हसरा, बाबांना काका म्हणणारा. बाबा म्हणायचे, "शेष्याचा बाजा शेष्याच्याच कानात लय मोठा वाजते. माहा मले कमी आयकू येते, पन मागं घोड्यावरच्या नवरदेवाले बरोबर जाते." आज मुलांना हे समीकरणांनी समजावता येईल. बाबांना ते दातांत आणि जबड्यात कळायचे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेलो त्याच्या आधीच्या हंगामात, अगदी अखेरीस, एका वरातीत नाचणाऱ्या एका पाहुण्याचा खांदा बाबांच्या भोंग्यावर बसला. बाबा त्या क्षणी वाजवत होते. माऊथपीस दातांवर आदळले, वरचा पुढचा दात अर्धा तुटला आणि भोंगा नळीपासून वाकला, दोन्हींना जोडणारी पितळी दांडी निखळली. मास्तरांनी एका झाळणाऱ्याला बोलावून तिथेच ती दांडी पुन्हा बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी वरात होती, घाई होती. त्याने भोंगा ओढून धरला, वितळलेल्या कथलाची झाळ ओतली आणि काम झाले. दाताबद्दल बाबा घरी म्हणाले, "अर्धा तं आहे." त्यानंतर पावसाळा आला आणि ट्रंपेट खुंटीला गेला.

मी दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातून घरी आलो तेव्हा माय चुलीपुढे होती. मला पाहून ती हसली, पण लगेच आवाज खाली आणून म्हणाली, "तुह्या बाबाले काही इचारू नको. सुरात नाई बसून राहिलं." मी काय ते समजलो नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनीच मला तालमीला सदरला नेले. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि खिशातल्या माऊथपीसवर हात ठेवलेला होता.

तालमीची खोली म्हणजे एका दुकानामागची लांबट जागा. भिंतीला लाल डगले टांगलेले. चहा झाला. मास्तरांनी खूण केली आणि बाबांनी सलामी सुरू केली. खालचे सूर आले. पण ते पूर्वीसारखे वाटले नाहीत, कोणीतरी उशीआडून बोलावे तसे. मग वर चढायची जागा आली. बाबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. सूर अर्ध्यात फाटला आणि नुसती हवा फुसकन बाहेर आली.

"किसनभाऊ, कुकरची शिट्टी झाली गा!" ढोलवाला म्हणाला. दोघे-तिघे हसले. शेषराव हसला नाही. तो आपल्या चाव्यांना तेल घालत बसला, घातलेलेच पुन्हा घालत.

बाबांनी परत वाजवले. परत तेच. आता त्यांच्या ओठावर रक्ताची बारीक रेघ दिसत होती.

मास्तर जुने माणूस, ओरडणारे नव्हते. म्हणून ते बोलले तेव्हा मला जास्त भीती वाटली. "किसन, बाजा कधी खोटं बोलत नाई. तोंड बोलते. दात गेला तं गेला, त्यात लाज काय?"

"दाताचं नाई मास्तर. सराव सुटला."

"बरं. तुळशीच्या लग्नापर्यंत पाहू." आणि मागच्या रांगेकडे वळून, "शेष्या, तू बी सलामी बसवून ठेव."

परतताना बाबा बसमध्ये बसलेच नाहीत, जागा असूनही उभे राहिले. घरी येऊन त्यांनी भाकरीला हात लावला नाही. मायने विचारले, "काहून गा वसंता, काय झालं?" मी म्हटले काही नाही. बाबांसाठी वेगळी काढलेली फिकी भाजी तिने झाकून ठेवली.

पुढचे चार-पाच दिवस बाबा पहाटे नदीकडे जाऊन वाजवत. मी मागे उभा राहून ऐकत असे. मला सूर काढता येत नसले तरी एक गोष्ट खटकू लागली. दात तुटल्याने वरचे सूर फाटतील हे मान्य. पण खालचे सूर का दबलेले? त्यांना दाताची इतकी गरज नाही. बाबा पूर्वी हळू फुंकले तरी ट्रंपेट बोलायचा. आता ते जोर लावत होते, माऊथपीस ओठांवर दाबत होते, त्याने ओठ आणखी फाटत होते, आणि तरी आवाज आत कुठेतरी अडकत होता. मला वाटले, बाजा खोटे बोलत असेल तर? हे मनात आले आणि मी घाबरलो. कॉलेजात जाऊन दीड वर्ष झालेला पोरगा, आणि मास्तरांच्या बोलण्यावर शंका घेतो.

यावर उपाय एका मिनिटाचा होता. शेषरावने बाबांच्या ट्रंपेटमध्ये फुंकून पाहिले असते तर दोष तोंडात की बाज्यात ते तिथेच कळले असते. हे मी एकदा बोललो. बाबा माझ्याकडे असे पाहू लागले की मी पुढचे शब्द गिळले.

"शेष्याले तोंड लावू देऊ? मंग तुळशीच्या लग्नापर्यंत तरी काहून थांबाचं? आजच देऊन टाकतो."

माय मध्ये पडली. "पोरगं काळजीनं बोलून राहिलं."

"मले नाई का काळजी?"

मग मी भीत भीत दुसरे सुचवले. तोंड न लावता पाहता येईल. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढतात तसे. बाबा नको म्हणाले नाहीत. मी शेजारून हवा भरायचा पंप आणला. ट्रंपेटची पुढची वाकडी नळी बाबांनी स्वतः ओढून काढली. तिचे एक तोंड मी अंगठ्याने दाबले, दुसऱ्यात पंपाची रबरी नळी फडके गुंडाळून बसवली, आणि मायने भरलेल्या घमेल्यात ती बुडवली. बाबा उकिडवे बसून पंप मारू लागले. आम्ही तिघे पाण्याकडे पाहत होतो. आधी काहीच नाही. मग ट्रंपेटमधले पाणी सोडायची जी छोटी कळ असते, तिच्या बुचापाशी एक बुडबुडा धरला, मोठा झाला आणि सुटला. त्यामागे दुसरा. मग ओळच लागली.

"अगं माय वं," माय म्हणाली, "ह्याले तं भोक आहे."

बाबा पंप मारायचे थांबलेच नाहीत. बुडबुडे पाहत मारतच राहिले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी त्या सुट्टीत पहिल्यांदाच पाहिला, आणि खरे सांगायचे तर मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. एवढ्याशा बुडबुड्यांवर ते केवढी आशा टांगत होते!

कुजलेले बूच काढून औषधाच्या बाटलीचे बूच कापून बसवले. फरक पडला, पण थोडा. आवाज अजूनही आखडलेलाच होता. आता माझे लक्ष त्या दांडीकडे गेले. मी भोंग्यावर नखाने टिचकी मारली. जाड पितळ घंटेसारखे घुमायला हवे, ते वाजून लगेच मेले. घाईत झाळलेली दांडी भोंग्याला ओढून धरून होती. पत्र्याला हलायला मोकळीक नव्हती. मी म्हणालो, "बाबा, ही झाळ सोडून पाहू."

बाबांनी त्या दांडीवरून अंगठा फिरवला. तुळशीचे लग्न तोंडावर आले होते. झाळ सोडताना नळी भाजली, वाकली, तर ट्रंपेटच उरणार नव्हता. फाटका सूर तरी होता, तोही गेला असता. मला आजही आठवते, त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, मायकडे पाहिले. माय म्हणाली, "असा तरी काय कामाचा तो?" एवढेच.

रविवारी सकाळी चुलीत निखारे केले. बाबांनी आरा मशीनवरून तांब्याचा झाळायचा डाग, म्हणजे लाकडी मुठीची जाड सळई, आणला होता, तो निखाऱ्यात लाल केला. मायने ट्रंपेटच्या नळ्यांभोवती ओली फडकी गुंडाळली आणि दोन्ही हातांनी तो मांडीवर धरला, बाळाला न्हाऊ घालताना धरतात तसा. मी भोंगा धरला. बाबांनी डाग दांडीच्या टोकाला लावला. वाफ निघाली, फडके चरचरले, झाळ चकाकली आणि पाझरली. आणि अचानक टण् असा आवाज होऊन भोंगा माझ्या हातात उसळला. दांडी आणि भोंगा यांच्यात बोटभर अंतर पडले होते. इतके महिने तो एवढ्या ताणात धरून ठेवलेला होता.

"हात सोडू नको वं!" बाबा ओरडले. मायने सोडला नव्हता. तिच्या मनगटाला चटका बसला होता, ते आम्हाला जेवताना कळले.

ते अंतर आम्ही दाबले नाही. एका फुटक्या पितळी कडीचा तुकडा कापून, घासून, बरोबर तेवढ्या फटीत बसवला आणि हलकी झाळ दिली. सगळे थंड होऊ दिले. मी टिचकी मारली. भोंगा घुमला आणि घुमत राहिला. बाबांनी खिशातून माऊथपीस काढले, बसवले, आणि अगदी हळू फुंकले. तो खालचा सूर मी लहानपणापासून ओळखत होतो. शेजारची म्हातारी दारात येऊन उभी राहिली. बाबांनी चाव्या दाबत दोन-तीन सूर घेतले, एकातून दुसऱ्यात न अडखळता. मला वाटले आता ते वर जातील.

त्यांनी ट्रंपेट खाली घेतला. "झाळ अजून कच्ची आहे. तिकडं मास्तरच्या अंगणातच पाहू."

झाळ निवली होती. ते मला ठाऊक होते आणि त्यांनाही. पण मी कसे म्हणणार, बाबा, वरचा सूर घ्या? म्हणालो असतो तर त्यांनी घेतला असता, आणि आला नसता तर आमच्या अंगणात, मायसमोर आला नसता. संध्याकाळी मायने गाठोड्यात चकल्या बांधून दिल्या आणि मी नागपूरची बस धरली. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माझे भौतिकशास्त्राचे प्रॅक्टिकल होते. बाबांनीच बजावले होते, "तू येऊ नको. तुही परीक्षा तू दे, माही मी देतो."

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी वसतिगृहात पुस्तक उघडून बसलो. गल्लीत फटाके वाजत होते, कुठेतरी मंगलाष्टके चालू होती. सीताबर्डीच्या बाजूने एखादा बँड ऐकू आला की मी गच्चीवर जाई आणि परत येई. आमचा बँड तिथे असणे शक्यच नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला मला नळीतल्या हवेचा प्रयोग आला. पाण्याची पातळी वरखाली करत, नादकाटा नळीच्या तोंडाशी धरून, आवाज कुठे मोठा होतो ते कानाने टिपायचे होते. मला ते टिपता येईना. आवाज मोठा झाला की मला बाबांचा वाटायचा. सर म्हणाले, "घाई नको, पुन्हा ऐक." मी पुन्हा ऐकले. कसेबसे आकडे लिहून बाहेर आलो.

कॉलेजच्या फाटकाशी शेषराव उभा होता. सायकल झाडाला टेकवलेली, अंगातला शर्ट चुरगळलेला, कालचाच असावा. मला वाटले बाबांना काही झाले.

"तसं काही नाई गा," तो म्हणाला. "काका बरे आहेत. कन्हानले गेले सकाळच्या गाडीनं."

"मग?"

त्याने रुमालाने मान पुसली. माझ्याकडे न पाहता बोलू लागला. "लगीन लागलं. मास्तरनं खूण केली. काका समोर गेले. पहिली ओळ अशी वाजवली ना वसंता, ढोलवाला बी गप. मास्तरनं माह्याकडं पायलं, मी बी पायलं. असा आवाज तेयचा मी तीन-चार सालात नाई आयकला. मंग वर चढाचं होतं."

त्याने रुमालाची घडी घातली.

"फाटला. तेयनं परत नाई घेतला. खाली ठेवला बाजा, शर्टाच्या टोकानं माऊथपीस पुसलं, अन् माह्यासमोर धरला. वाजव म्हणे. मी म्हणलं, काका, तुमच्या बाज्याले मी तोंड कसं लावू? वाजव म्हणतो ना शेष्या, म्हणे, मले पाहाचं आहे. समदं अंगण पाहून राहिलं होतं. मास्तर बी काही बोलले नाई."

"तू वाजवलास?"

"मी ठरवलं होतं गा, खराब वाजवतो. आईची आन. मुद्दाम फाडतो म्हणलं सूर." त्याचे डोळे भरले होते. "पन तो बाजा थांबतच नाई. जरा हवा देली का वर जाते. माह्या नव्या बाज्यात मी जीव काढतो, अन् हा आपल्या आपण... अख्खी सलामी वाजली. खराब करताच नाई आली."

"बाबा काय करत होते?"

"डोळे मिटून आयकत होते. मंग माहा बाजा उचलला तेयनं, मागच्या लायनीत गेले, अन् खालचे सूर धरले. अख्ख्या कार्यक्रमात मागंच राहिले. आखरीले मी तेयचा बाजा वापस द्याले गेलो तं घेतला नाई. आता तू ठेव, म्हणे, समोर जड बाजा पायजे."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. माझ्या हातात प्रॅक्टिकलची वही होती आणि बोटांना अजून त्या नळीतले पाणी लागलेले होते.

शेषरावने सायकल झाडापासून काढली, बसला, मग पाय टेकवून पुन्हा थांबला. "तेयनं एक निरोप देल्ला तुह्यासाठी. मले म्हणे, पहिले कॉलेजात जाय अन् वसंताले सांगून ये. तो वाट पाहून राहिला असन. त्याले म्हण, बाजा एकदम बरा झाला."